झाड हलवणारा हात

जपानी चहाविधीला आज जे रूप आहे ते देणाऱ्यांमध्ये सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं. त्यांची एक गोष्ट ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ साली इंग्रजीत लिहिलेल्या 'द बुक ऑफ टी'मध्ये सांगितली आणि तेव्हापासून ती जगभर फिरते आहे. रिक्यूंचा मुलगा शोआन बागेतली वाट झाडत असतो. झाडून होतं, वडील म्हणतात, अजून नीट झालं नाही. मुलगा पुन्हा तासभर राबतो. पायऱ्या धुऊन झाल्या, दगडी दिव्यांवर पाणी शिंपडून झालं, शेवाळ तजेलदार दिसू लागलं, जमिनीवर काडी उरली नाही. आता करण्यासारखं काहीच नाही, असं तो म्हणतो. तेव्हा रिक्यू स्वतः बागेत उतरतात, एक झाड धरून हलवतात, आणि पानगळीच्या दिवसांतली सोनेरी-लाल पानं त्या झाडलेल्या वाटेवर विखुरतात. आता बाग तयार झाली.

गोष्टीचं तात्पर्य सहसा असं सांगतात की नुसती स्वच्छता म्हणजे सौंदर्य नव्हे, त्यात निसर्गाचा सहजपणा हवा. मला हे तात्पर्य इतक्या सरळपणे पटत नाही. कारण ती पानं निसर्गाने पाडलेली नव्हतीच. वाऱ्याने नाही, थंडीने नाही, एका माणसाने ती पाडली, आणि पाहुणे यायच्या बेताला पाडली. पाहुण्यांना काय वाटलं असेल? आपोआप गळलीत, असंच ना? मग हा सहजपणा म्हणायचा की सहजपणाचं नाटक? आणि नाटक असेल, तर त्यात फसवणूक किती?

प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वीच्या बागेचा असला तरी मला तो रोज भेटतो. एकदा घरी, एकदा कामावर. आधी घरचं सांगतो.

गेली तीन वर्षं मी क्योतोच्या उत्तर भागात एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालक राहतात. घरमालकाला जपानीत 'ओओया-सान' म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शाळामास्तर. घराच्या मागे त्यांची बाग आहे. बाग म्हटल्यावर डोळ्यांपुढे काही मोठं येऊ नये. आपल्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हॉल असतो, तेवढीच जागा. एक मोमिजी, म्हणजे जपानी मेपल. भिंतीशी 'दोदान' नावाचं कातरलेलं झुडूप, ते नोव्हेंबरात मेपलहूनही भडक होतं. नांदिनाचं एक झाड, लाल फळांच्या घोसांचं. दगडी पाणवठा, एक दिवा, पाय ठेवायला अंतरा-अंतरावर बसवलेले सपाट दगड आणि उरलेल्या सगळ्या जमिनीवर शेवाळ. घर आणि बाग यांच्यामध्ये 'एन्गावा', म्हणजे ओसरी. रविवारी सकाळी मला तिथे बसायची मुभा आहे.

या ऋतूचं वारशाने आलेलं प्रेम माझ्याकडे नव्हतं. मी वाढलो साताऱ्याला. आपण 'ऑटम'चं भाषांतर शरद असं करतो खरं, पण आपला शरद आश्विन-कार्तिकाचा, धुतलेल्या आभाळाचा, कोजागरीचा. त्यात पानं गळत नाहीत. ती गळतात माघ-फाल्गुनात, आणि गळताना बहुतेक झाडांची पिवळी, तपकिरी होऊन मुकाट गळतात. लाल पान आपल्याकडे दिसतं ते कोवळं असताना. चैत्रात पिंपळाची तांबूस पालवी, कोशिंबाची तर झाडभर लाल. गंमत म्हणजे रंगद्रव्य तेच, अँथोसायनिन. आपल्याकडे ते पानाच्या जन्माशी दिसतं, इथे शेवटाशी. या शेवटाकडे बघायला मी इथे येऊन शिकलो. आणि शिकून बघणाऱ्याला रंगाआधी यंत्रणा दिसते, हा आमच्या धंद्याचा दोष म्हणा की गुण.

यंत्रणा थोडक्यात अशी. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. थंडीची चाहूल लागली की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातला कामाचा माल परत घेतं, हिरवं ओसरतं आणि खालचं पिवळं उघडं पडतं. लाल मात्र नव्याने तयार होतो. देठाशी पेशींचा एक थर तयार होऊन पानाची वाहतूक बंद पडत जाते, पानात साखर अडकते, आणि त्या साखरेपासून, उजेडाच्या मदतीने, अँथोसायनिन बनतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री पारा आठेक अंशांखाली, असं सलग काही दिवस झालं की रंग चढतो. उजेडाचा वाटा किती मोठा आहे हे एकेक पान उचलून बघितलं तर दिसतं. एका पानावर दुसरं पान टेकलेलं असेल, तर झाकलेला भाग पिवळटच राहतो. फोटोच काढलेला असतो जणू.

म्हणजे लाल रंग हवा असेल तर पानांपर्यंत ऊन पोचायला हवं. आणि इथे माणसाचा हात येतो. ओओया-सानांकडे वर्षातून दोनदा माळी येतो. हिवाळ्यात झाड झोपलेलं असताना मुख्य छाटणी, आणि जूनच्या सुमाराला हलकी विरळणी. झाडाला आकार देणं हा हेतू नसतोच. दाट फांद्यांमधून नेमक्या काढून झाड आरपार दिसेल इतकं मोकळं करायचं, आणि काप अशा ठिकाणी घ्यायचा की कात्री लागली होती हे कळू नये. पहिल्या वर्षी मी ऑफिसातून आलो तेव्हा माळी काम संपवून निघाला होता. बागेत मला काहीच बदललेलं दिसेना. मागच्या दाराशी फांद्यांचे तीन भारे बांधून ठेवले होते, त्यावरून कळलं.

उन्हाळ्यात वेगळंच काम. क्योतो डोंगरांच्या वाटीत वसलंय, हवा हलत नाही. २०२३चा उन्हाळा जपानच्या १८९८पासूनच्या नोंदींमधला तोवरचा सर्वांत उष्ण ठरला आणि २०२४च्या उन्हाळ्याने त्याची बरोबरी केली. अशा उन्हात मोमिजीच्या पानांची टोकं करपतात, आणि करपलेलं पान नोव्हेंबरात लाल होत नाही, चुरगळतं. म्हणून ऑगस्टभर रोज संध्याकाळी म्हातारबुवा झारी घेऊन बागेत. शेवटी नोव्हेंबर. गळलेलं पान शेवाळावर पडून राहिलं तर खालचं शेवाळ पिवळं पडून मरतं, आणि खराटा फिरवला तर शेवाळच उपटून येतं. मग रोज सकाळी गुडघ्याखाली चटईचा तुकडा घेऊन पानं हाताने वेचायची.

त्यात झाडाची जातही कुणीतरी निवडलेली. जपानी मेपलचे शेकडो वाण आहेत. बरेचसे माणसाने निवडून, कलमं करून टिकवलेले. डोंगरातला रानमोमिजी बघितला तर फरक कळतो. पानं भोकं पडलेली, टोकं तपकिरी, अर्धं झाड पिवळं, अर्धं अजून हिरवं. 'निसर्ग' म्हणून जे आपण बागेत बघतो त्याच्यापेक्षा खरा निसर्ग बराच अस्ताव्यस्त असतो. बागेतला सहजपणा बारा महिन्यांच्या मेहनतीने तयार होतो आणि मेहनत दिसली तर तो फसला असं धरतात.

*

कांटला हे चाललं नसतं, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

१७९०च्या 'क्रिटीक ऑफ जजमेंट'मध्ये त्याने एक उदाहरण दिलंय. शांत उन्हाळी संध्याकाळ, चांदणं, आणि झुडपातून नाइटिंगेलचं गाणं. ऐकणारे तल्लीन. पण आसपास नाइटिंगेल मिळाला नाही म्हणून एखाद्या यजमानाने एका खट्याळ पोराला बोरू तोंडात धरून झुडपात बसवलं असेल, तर? कांट म्हणतो, हे कळलं की तेच सूर कुणालाही फार वेळ ऐकवणार नाहीत. एक सूरही बदललेला नसतो. बदललेलं असतं ते एवढंच, की आपण निसर्गाकडे लक्ष देत होतो आणि तिथे निसर्ग नव्हता. कागदी फुलं जमिनीत रोवून ठेवली तरी हेच होईल, असंही तो त्याच ओघात म्हणतो.

आता हाच नियम रिक्यूंना लावा. शेजारच्या पाहुण्याने हळूच कानात सांगितलं, ही पानं रिक्यूंनी आत्ताच झाड हलवून पाडलीत. आनंद संपेल? माझा संपत नाही. उलट वाढतो. मग झुडपातलं पोर आणि झाड हलवणारे रिक्यू यांच्यात फरक काय?

पहिलं सुचणारं उत्तर असं की पान खरं होतं, सूर खोटा होता. पण तेवढ्याने भागत नाही. इथल्या बाजारपेठांच्या गल्ल्यांमध्ये नोव्हेंबरात खांबाखांबाला प्लॅस्टिकच्या मोमिजीच्या फांद्या लटकवतात. त्या सपशेल खोट्या असतात आणि कुणालाही फसवत नाहीत. त्यांच्यासमोर कुणी अर्धा तास बसत नाही हे खरं, पण आपल्याला गंडवलं असं कुणी म्हणतही नाही. उलट संपूर्ण खऱ्या वस्तूने फसवता येतं. दुसऱ्याच्या शेतातला खरा आंबा आपल्या झाडाचा म्हणून दिला, तर आंबा खरा आणि देणारा खोटा. वस्तू खरी की नकली हा एक प्रश्न, माणूस प्रामाणिक की लबाड हा दुसरा. आपण ते सारखे एकमेकांत मिसळतो.

दुसरं उत्तर मला ओओया-सानांनी दिलं, आणि त्यांनी ते उत्तर म्हणून दिलं नव्हतं. मागच्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी ओसरीवर होतो. शेवाळ वेचून झालं होतं. पण पाणवठ्याच्या कडेला पाच-सात पानं होती, आणि दोन पाण्यात तरंगत होती. इतकी नेमकी की मला शंका आली. मी विचारलं, "ही तुम्ही मुद्दाम ठेवलीत का?"

"कडेची राहू दिली," ते म्हणाले. "पाण्यातली एक आपणहून पडली. दुसरी मी टाकली."

ना संकोच, ना फुशारकी. किती वाजता चहा घेतला हे सांगावं तसं. मी म्हटलं, मग ते नैसर्गिक कसं? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "वारा आला की तो आपलं करेलच." आणि आत गेले.

त्यावर मी बरेच दिवस विचार करत राहिलो. त्यांनी हात दाखवला नव्हता. पण मी विचारल्यावर नाकारलाही नाही. हात न दाखवणं आणि हात नाकारणं यांत माझ्या मते सगळा फरक आहे. कांटचा यजमान हात नुसता लपवत नाही. त्याची सगळी करामत उभी आहे ती कुणी विचारणार नाही यावर, आणि विचारलं तर 'नाइटिंगेलच हो' म्हणावं लागण्यावर. उत्तर खरं दिलं की करामत मेली. ओओया-सानांनी खरं उत्तर दिलं आणि पाण्यातली दोन्ही पानं तशीच राहिली. आता मला त्यातलं एक वाऱ्याचं आणि एक माणसाचं आहे हे माहीत होतं, कुठलं कुणाचं ते माहीत नव्हतं, आणि मी पूर्वीपेक्षा जास्त वेळ बघत बसलो.

चहाच्या बागेची रीतच मुळात ही आहे. तिथे 'चिरिआना' नावाचा एक छोटा खड्डा असतो, शब्दशः कचऱ्याचा खड्डा. पाहुणे यायच्या आधी यजमान त्यात निवडून चार पानं ठेवतो, शेजारी बांबूच्या काड्या. कचऱ्याच्या खड्ड्यात निवडलेली पानं बघून बाग आपोआप अशी झाली असं कुणालाही वाटणार नाही. दोरीने बांधलेला एक छोटा दगड वाटेतल्या दगडावर ठेवलेला असतो, अर्थ: इकडून जाऊ नका. सगळीकडे हाताच्या खुणा, हलक्या आवाजात. आत येणाऱ्याला माहीत असतं की इथलं सगळं कुणीतरी आपल्यासाठी केलंय. त्याची वाच्यता होत नाही एवढंच.

यात परकं काय आहे? आपल्याकडे पाहुणा जेवायला येतो. सकाळी सहापासून पुरण शिजलेलं असतं, वाटलेलं असतं, कटाच्या आमटीचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो, आणि ताट वाढताना घरची बाई म्हणते, "काही विशेष नाही हो, साधंच केलंय." हे खोटं आहे का? शब्दशः आहे. पण कुणी फसत नाही. पाहुण्याने ओझं वाटून न घेता जेवावं म्हणून ती आपले कष्ट बाजूला सारते. पाहुणाही तिचं बोलणं खरं मानत नाही, 'एवढं कशाला केलंत' म्हणतोच. दोघांनाही सगळं माहीत असतं. हात लपवलाय तो पाहुण्याला मोकळं वाटावं म्हणून. यजमानाने पोराला झुडपात लपवलं ते पाहुण्यांची वाहवा मिळावी म्हणून.

*

पण याच उदाहरणाची एक दुसरी बाजू आहे आणि तिच्यामुळे मला रिक्यूंच्या गोष्टीकडे पुन्हा वळावं लागलं. 'साधंच केलंय' हे जिने केलं तिने म्हणणं वेगळं. तेच वाक्य दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याने म्हटलं तर? तेव्हा ती नम्रता उरत नाही. स्वतःच्या कष्टांना 'काही नाही' म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या कष्टांना 'काही नाही' म्हणणं म्हणजे ते पुसून टाकणं.

आता गोष्ट पुन्हा वाचा. शोआनने वाट झाडली, दोनदा. पायऱ्या धुतल्या. पाणी शिंपडलं. रिक्यूंनी एक झाड हलवलं. ती पानं सुंदर दिसली, कारण ती झाडलेल्या वाटेवर पडली. न झाडलेल्या वाटेवर पडली असती तर ती कचऱ्यात कचरा झाली असती. चित्राला कागद मुलाने दिला, वडिलांनी चार ठिपके काढले, आणि सांगणारे चारशे वर्षं ठिपक्यांचं कौतुक करताहेत. मुलगा गोष्टीत आहे तो न समजणारा म्हणून.

जपानी बागांच्या इतिहासात हे पुसणं गोष्टीपुरतं राहिलेलं नाही. पंधराव्या शतकात क्योतोमधल्या बागांची प्रत्यक्ष कामं, म्हणजे दगड हलवणं, माती भरणं, झाडं लावणं, करणाऱ्यांत 'कावारामोनो' मोठ्या संख्येने होते. शब्दाचा अर्थ नदीकाठची माणसं. मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं ही कामं त्यांच्याकडे, त्यामुळे समाजाने त्यांना अशुद्ध मानून दूर ठेवलेलं. मराठी वाचकाला हे समजवून सांगायची गरज नाही. त्यांच्यातलाच झेन्आमी हा बागकामातला इतका मोठा माणूस झाला की शोगुन आशिकागा योशिमासाने त्याला आपल्या पदरी मान दिला. पण झेन्आमीचं नाव राहिलं, बाकीच्यांचं नाही. ज्यांना स्पर्श करायचा नाही त्यांच्या हातांनी बसवलेल्या दगडांकडे बघून लोक शुद्धतेचा अनुभव घेत होते. तिथे 'हात दिसू नये' या सौंदर्याच्या नियमाला समाजाचा नियम फार सोयीने येऊन मिळतो. हात दिसू नये, आणि हातवालाही दिसू नये.

म्हणून माझ्या नियमाला दुसरं कलम जोडावं लागतं. विचारल्यावर हात आहे एवढं मान्य करणं पुरेसं नाही. तो कुणाचा हेही सांगता आलं पाहिजे. ओओया-सान हे करतात. कुणी बागेची स्तुती केली की ते आधी माळ्याचं नाव घेतात. पानं वेचण्याचं काम मात्र स्वतःचं, त्याबद्दल विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

*

आता कामावरचं. आमचा गट एकट्या राहणाऱ्या वृद्धांशी फोनवर बोलणारी एक यंत्रणा बनवतो. सकाळी ठरलेल्या वेळी फोन जातो, झोप लागली का, औषध घेतलं का, असं विचारलं जातं, आणि काही वावगं वाटलं तर कुटुंबाला कळवलं जातं. जपानी बोलण्यात ऐकणारा सारखा 'हं', 'हो का', 'खरंच' असं म्हणत राहतो. याला 'आइझुची' म्हणतात. तो नसेल तर बोलणारा अस्वस्थ होतो, फोन कट झाला की काय असं विचारतो. म्हणून आमच्या यंत्रातही आइझुची आहे. वाक्यांमध्ये छोटे विरामही आहेत. हे मला बागेतल्या सपाट दगडांसारखं वाटतं. बसवलेलं आहे, पण पाय ठेवायला लागतंच. बोलणाऱ्याचं वाक्य संपलं की नाही हे कळायला यंत्रालाही थोडं थांबावंच लागतं.

मग एक सूचना आली. म्हातारं माणूस काही दुःखाचं बोललं, नवऱ्याची आठवण, मैत्रिणीचं आजारपण, तर यंत्राने उत्तराआधी जास्त वेळ थांबावं. दोन सेकंद, अडीच. मग हळू आवाजात बोलावं. चाचणीत लोकांना ते आवडलं होतं. 'ती समजून घेते' असं त्यांनी सांगितलं होतं.

मी विरोध केला, आणि विरोध का करतोय हे मला रिक्यू आणि कांट यांच्यामुळे मांडता आलं. आइझुची म्हणतो, 'तुमचं ऐकू येतंय.' ते खरं आहे. वाढवलेला विराम म्हणतो, 'तुमच्या बोलण्याने मी हलले, मला शब्द सुचत नाहीत.' ते खरं नाही. त्या अडीच सेकंदांत यंत्रात काहीही घडत नसतं, उत्तर तयार होऊन पडलेलं असतं. पहिलं रिक्यूंचं पान आहे, दुसरा झुडपातला पोरगा. आणि त्यातून मिळवायचं काय, तर त्या बाईने उद्याही बोलावं, वर्गणी चालू राहावी.

सहकाऱ्यांचा प्रतिवाद पोकळ नव्हता. त्यांच्यातल्या एकीची आजी हे वापरते. ती म्हणाली, आजीला बरं वाटतं, यात कुणाचं नुकसान झालं? माणसंही सांत्वन करताना शिकलेले शब्दच वापरतात. हे खरं आहे. पण सांत्वनाला आलेल्या शेजारणीला आपण विचारू शकतो, तुला खरंच वाईट वाटलं का, आणि ती काय म्हणते ते तोलू शकतो. आजीला तर विचारण्यासारखं काही आहे हेच माहीत नाही. चहाच्या बागेत येणारा पाहुणा रीत जाणून येतो. फोन उचलणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईला या बागेची रीत कुणी सांगितलीय? जिथे समोरच्याला प्रश्न सुचण्याची शक्यताच नाही तिथे विचारण्याची वाट बघत बसणं हा नाकारण्याचाच एक प्रकार होतो. तिथे आपणहून सांगावं लागतं.

शेवटी मधला मार्ग निघाला. दर आठवड्याच्या पहिल्या फोनच्या सुरुवातीला यंत्र आपण यंत्र आहोत हे साध्या शब्दांत सांगतं, आणि कुणी विचारलं, 'तुला वाईट वाटलं का', तर 'मला तसं वाटू शकत नाही, पण तुम्ही सांगितलेलं मी तुमच्या मुलीला कळवू का?' असं म्हणतं. लांब विराम मात्र राहिला, दीड सेकंदाचा. मला तो अजून खटकतो. सांगून केलेला विराम फसवणूक उरत नाही हे मला तर्काने कळतं. पण आठवड्याने आजी ते विसरली असेल, तर आपण सांगितलंय या समाधानाला किती अर्थ? या ठिकाणी माझं मोजमाप थिटं पडतं आणि याहून चांगलं माझ्याकडे अजून नाही.

बागेपुरतं मात्र ते पुरतं. सहजपणात हात असतोच, निदान माणसाच्या घराजवळच्या सहजपणात. त्याची तक्रार करणं म्हणजे पोळीत कणीक आहे अशी तक्रार करणं. बघायचं ते एवढंच: विचारलं तर खरं सांगतील का, ज्याने केलं त्याचं नाव येईल का, आणि ज्याला विचारता येत नाही त्याला कुणी आपणहून सांगितलंय का. ही तीन उत्तरं बरी मिळाली तर निर्धास्त बसून रंग बघावा. ओसरीवर बसलो की मला आता रंगाबरोबर जूनची कात्री, ऑगस्टची झारी आणि सकाळचा चटईचा तुकडाही दिसतो. त्याने लाल रंग फिका होत नाही. कुणाचे आभार मानायचे तेवढं कळतं.